वास तिथं माल

नरक्याचं फूल पांढरंशुभ्र असतं. बारीक बारीक फुलं, घोसच्या घोस. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काय देखणं झुडूप आहे. जवळ गेलं की पदर नाकाला लावायची वेळ येते. घरात कुठेतरी घूस मरून पडावी आणि सापडू नये, तसा वास. नाव काही उगाच पडलेलं नाही. आमच्या शेडमध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला डबा उघडवत नाही, आणि महिन्याभराने तोच विचारतो, वास? कसला वास?

जंगलातून ट्रक भरून नरक्याची खोडं आणि फांद्या यायच्या. आम्ही बायका पानं-फुलं ओरबाडून काढायचो, मशीन खोडांचे तुकडे करायचं, ते तुकडे वाळवून पोत्यात भरायचे. पोती पुढे कारखान्याला जायची. तिथे त्यांचं काय करतात ते आम्हाला ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं. कॅन्सरचं औषध काढतात म्हणे. शेडमध्ये आधी कुणाचा विश्वास बसला नाही. माझी ताई माझ्या शेजारीच बसून फुलं तोडायची. ती म्हणाली, "बघा बाई, नाव नरक्या आणि धंदा यमाच्या तोंडातला घास काढायचा." सगळ्या हसलो. त्यानंतर त्या गोष्टीचा कुणी विचार केला नाही. लांबच्या नातेवाइकासारखं ते औषध होतं. आहे हे माहीत, गाठ कधी पडायची नाही.

फाटकावर माल घ्यायला ताईचे यजमान बसायचे, म्हणजे माझे भावोजी. त्यांना अख्खी शेड 'नाक' म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं आणि आवडायचंही. माल आणणारे एक नंबरचे चोर. वजन वाढावं म्हणून येताना वाटेत ओढ्यावर थांबून मोळ्यांना पाणी मारायचे, नाहीतर आतल्या बाजूला भलत्याच झाडाच्या फांद्या घुसडायच्या. भावोजी मोळीतून एक तुकडा ओढणार, तळहातावर घासणार, नाकाशी नेणार आणि डोळे मिटणार. मग एकच शब्द. "घ्या," नाहीतर "परत." परत म्हटलं की परत, मग समोरच्याने कितीही गयावया करू दे. "वास तिथं माल," हे त्यांचं बोलणं. शेडमधल्या पोरीसोरीसुद्धा ते म्हणायच्या. त्या नाकाला कधी कुणी फसवलेलं मी बघितलं नाही, आणि माझं सगळं दुखणं इथेच आहे.

ताईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तिने ते बरेच दिवस अंगावर काढलं. आमच्याकडे बायका दुखणं अंगावर काढतात आणि मग ते अंगावर येतं. शेवटी एक दिवस ती फुलांच्या ढिगावरच आडवी झाली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच. प्रत्येक वाक्यानंतर "कळलं ना?" असं विचारायच्या, पण खरंच थांबायच्या उत्तरासाठी. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. इथे गाठ आहे. आत्ता कापता येणार नाही, फार पसरली आहे. शिरेतून औषध देऊ. गाठ आकसली तर ऑपरेशन करून काढता येईल. नाही आकसली तर अवघड आहे. कळलं ना?

कळलं. म्हणजे सगळं त्या एका 'तर'वर अडकलेलं होतं.

भावोजी दवाखान्यात कधी तोंड उघडायचे नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "हे औषध येतं कशातून?"

"एका जंगली झुडपापासून काढतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पांढऱ्या फुलांचं? घाण वासाचं?"

त्या हसल्या. "असेल. मी झाड कधी बघितलेलं नाही."

"मी बघितलंय," भावोजी म्हणाले, आणि त्यांची छाती दोन बोटं वर आली. त्यानंतर वॉर्डात जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, हे औषध आमच्याकडचं. आमच्या शेडमधून जातं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने तर त्यांना हात जोडले. ताई पांघरुणाखालून मला म्हणाली, "लवंगे, आता हे दवाखान्याचे व्याही झाले बघ." लवंगी म्हणजे मी. जीभ तिखट आहे म्हणून लहानपणीच ते नाव पडलं.

पहिल्यांदा औषध लावलं तेव्हा स्टँडवर एक छोटी पिशवी लटकली. आत पाण्यासारखं काहीतरी. ते थेंब थेंब ताईच्या हातात उतरायला लागलं. भावोजी खुर्ची ओढून समोर बसले आणि पिशवीकडे बघत राहिले. सिस्टरची पाठ वळली तसे उठले आणि पिशवीला नाक लावलं.

"वास नाही," ते म्हणाले.

"बंद पिशवीला कसला येणार?" मी म्हटलं.

सुई काढताना चादरीवर एक थेंब पडला, तो त्यांनी बोटावर घेतला. सिस्टर खेकसली, "हात लावू नका त्याला, धुवा आधी!" धुवायच्या आधी त्यांनी बोट नाकाशी नेलंच. डोळे मिटले. मला तो चेहरा फाटकावरून पाठ होता.

घरी येताना बसमध्ये ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी मारलंय."

मी कपाळावर हात मारला. "भावोजी, तो दवाखाना आहे, तुमचं फाटक नाही."

"माणसं सगळीकडे सारखीच," ते म्हणाले. "एवढ्या हातांतून माल जातो. कारखाना, दुकान, दवाखाना. एकालाही पाणी सुचणार नाही?"

मी ते हसण्यावारी नेलं. ताईसुद्धा हसली. "ह्यांना देवाच्या तीर्थातसुद्धा पाणी सापडेल," म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर औषध लागू पडत होतं. केस गेले, चव गेली, पायऱ्या चढताना ती माझा खांदा धरायला लागली. पण मधल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी गाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, गाठ आकसते आहे. अशीच आकसली तर ऑपरेशनचं बघू. ताईने तो फोटो घरी मागून घेतला आणि भिंतीला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "ही बघा माझी सवत, वाळत चाललीय." एवढी आनंदात मी तिला लग्नानंतर कधी बघितली नव्हती. मला म्हणाली, "ह्यातून उठले की शेडमध्ये पाऊल टाकायची नाही. मला एकदा चांगला वास घेऊन झोपायचंय, लवंगे. साबणाचा चालेल."

त्याच तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भावोजींना विचारलं होतं, मी तिथेच होते. "घरी दुसरं काही औषध देत नाही ना? काढा, पाला, काही?"

"छे," भावोजी म्हणाले. "दुसरं काही नाही."

ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या मते ते दुसरं नव्हतंच. हे मला फार उशिरा उमगलं.

त्यानंतर ताई भराभर उतरायला लागली. तोंड आलं, जुलाब थांबेनात, दात घासताना रक्त यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाल्या, रक्तातल्या पेशी एवढ्या उतरायला नको होत्या, औषध सोसत नाहीये. पुढच्या वेळी औषध कमी करून देऊ.

कमी करून. हे शब्द भावोजींच्या कानात कसे पडले असतील ते आता मला कळतं. आयुष्यभर ज्याने मापात पाप करणारे बघितले, त्याच्यासमोर कुणीतरी उघड म्हणालं, कमी देतो. ते खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. नुसती मान हलवली. परत येताना शेडमध्ये उतरले आणि उशिराने घरी गेले.

ताईचं घर माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिचं अंग पुसायला जायची. त्या घराला नरक्याचा वास असायचाच. भावोजींचे कपडे, चपला, पांघरुणं, सगळ्याला. माझ्याही घराला होता. त्यामुळे नाकाने मला काही सांगितलं नाही. सांगितलं ते ताईच्या तोंडाने. एका सकाळी तिचं तोंड पुसत होते आणि ती जांभई द्यायला लागली. वास आतून आला. कपड्यांचा नव्हे, श्वासाचा.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दुधाचं पातेलं होतं आणि त्यात दूध नव्हतं. तपकिरी पाणी, तळाशी नरक्याचे तुकडे, आम्ही शेडमध्ये भरतो तेच. भावोजी गाळणं शोधत होते.

"हे काय आहे?" मी विचारलं, जणू मला दिसत नव्हतं.

"अस्सल माल," ते म्हणाले. "निवडून आणलाय. जुन्या खोडाचा."

"किती दिवस?"

"त्या डॉक्टरीणबाईने पाणी लावायला सुरुवात केली तेव्हापासून थोडं थोडं. आता ते कमी देतायत, तर मी वाढवलं."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण 'मारताय तुम्ही तिला' असं बोलले. त्यांनी फळीवरचं गाळणं काढून हातात घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "पोती भरभरून जातात आपल्याकडून. डोंगर उघडे पडले, आता ट्रकला केवढं आत जावं लागतं. आणि माझ्या बायकोच्या वाट्याला काय, तर थेंब थेंब, तेही बिनवासाचे. तू एवढी वर्षं माझ्याबरोबर काम केलंस. तू सांग, त्या पिशवीला वास आहे? सांग की."

नव्हता. मला स्वतःचाच राग आला, कारण एक क्षण, गाळणं हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाचं म्हणणं मला पटलं.

आतून ताईची हाक आली. "भांडू नका ग. मला थंडी वाजतेय." हात लावला तर अंग चटके देत होतं.

ट्रकचा ड्रायव्हर मदतीला धावून आला आणि दुपारपर्यंत आम्ही तिला वॉर्डात घातलं. भावोजी ड्रायव्हरबरोबर रक्ताची बाटली आणायला दुसऱ्या इमारतीत गेले, आणि मी डॉक्टरीणबाईंना ताईच्या खाटेपाशीच गाठून सगळं सांगितलं. त्यांना मधे बोलू दिलं नाही, नाहीतर माझं धैर्य गेलं असतं. ऐकता ऐकता त्या ताईच्या खाटेच्या कडेवर बसल्या. डॉक्टर खाटेवर बसत नाहीत. तेव्हाच मी ओळखलं.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं ना?" मग स्वतःलाच सावरलं आणि आम्हा दोघींना समजावलं. ढीगभर लाकडातून चिमूटभर निघतं. ते शुद्ध करतात, बदलतात, माणसाच्या वजनावर मोजतात. जास्त झालं तर गाठीबरोबर माणसाचं रक्तही मरतं. कच्चं लाकूड उकळलं तर त्यात किती उतरलं ते देवालाही सांगता येणार नाही, आणि बाकीचं विष असतं ते वेगळंच. "मी रक्त बघून औषध कमी करत होते, आणि घरी..."

"पण पिशवीला वास नव्हता," मी म्हणाले. का म्हणाले माहीत नाही.

"वासाचा आणि औषधाचा काही संबंध नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वास म्हणजे फक्त वास."

ताई डोळे मिटून ऐकत होती. "आता?" तिने विचारलं.

"प्रयत्न करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या वेळी 'कळलं ना' म्हणाल्या नाहीत.

त्या गेल्यावर ताईने माझं मनगट पकडलं. हातात जोर नव्हता, पण मला सोडवता आलं नाही. "ह्यांना सांगायचं नाही."

"ताई, त्यांनीच..."

"म्हणूनच. बाईंनाही मी सांगते, ह्यांना काढा बंद करा एवढंच म्हणा. माझ्या गळ्याची शपथ घे." मग म्हणाली, "मला माहीत होतं का, तर नव्हतं. पण नको म्हणू शकले असते. घाण वास यायचा त्याला. ते कप घेऊन यायचे ना, लवंगे, तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा माणसासारखा दिसायचा. म्हणून प्यायचे."

मी शपथ घेतली. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता आणि मी शपथ घेतली.

भावोजी रक्ताची बाटली दोन्ही हातांत धरून आले. ताईने त्यांना जवळ बोलावलं. ओठ फाटले होते, तरी नीट शब्द लावून बोलली. माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता. "तुमच्या काढ्यानेच एवढे दिवस निघाले हं. नाहीतर मी केव्हाच गेले असते."

भावोजी रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ताप उतरला नाही आणि ती त्याच आठवड्यात गेली. शेवटी सिस्टरने तिला साबणाने पुसून काढलं. तो वास तिला पोचला की नाही, मला माहीत नाही.

भिंतीवरचा फोटो भावोजींनी काढला नाही. ते कामावर यायचे, तुकडा घासायचे, डोळे मिटायचे, घ्या, परत. मी त्यांच्याशी कामापुरती बोलायची. शपथ गिळली होती, पण ती पचत नव्हती. दवाखान्याचा विषय निघाला की ते म्हणायचे, "त्यांनी पाणी पाजून मारली. मी उशीर केला. आधीपासून माझं दिलं असतं तर आज असती." सगळे माना डोलवायचे. मी फुलं ओरबाडत राहायची.

नरक्याला पुन्हा फुलं आली. शेडच्या कोपऱ्यात पांढरे ढीग लागले. एका सुट्टीच्या दिवशी मी ताईच्या घरी तिची एक शाल आणायला गेले. भावोजी स्वयंपाकघरात होते. गॅसवर दुधाचं पातेलं.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"ड्रायव्हरची बायको. छातीत गाठ निघालीय. दवाखान्याने तारीख दिलीय, पण तोवर मी चालू करतो. ह्या वेळी उशीर नाही करायचा." ते ढवळत होते आणि आवाजात उत्साह होता, ताई गेल्यापासून न ऐकलेला. "तो आत्ता येईल बाटली घेऊन."

ताई, मला माफ कर, असं मी मनात म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "गॅस बंद करा."

"का?"

"ताई काढ्याने गेली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलं. गाठ आकसत होती, भावोजी. औषध लागू पडत होतं. काढ्याने तिचं रक्त मेलं."

ते अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलीला सांगावं तसं म्हणाले, "तू होतीस की तिथे. तिनेच सांगितलं ना मला, तुमच्या काढ्यानेच एवढे दिवस निघाले म्हणून?"

"खोटं बोलली ती."

"मरताना माणूस खोटं कशाला बोलेल?"

"तुमच्यासाठी," मी म्हणाले.

चमचा त्यांच्या हातात तसाच होता. पातेल्यात उकळी फुटत होती आणि घरभर तो वास पसरला होता. त्यांनी विचारलं, "मग त्या पिशवीत..."

"सगळं होतं. जेवढं लागतं तेवढं."

"पाणी?"

"नव्हतं मारलेलं. कुणीच मारलं नव्हतं."

त्यांनी गॅस बंद केला. पातेल्यावर वाकले, वाफ तोंडावर घेतली, डोळे मिटले. मी वाट बघत राहिले, पण त्यांच्या तोंडून शब्द निघेना. तेवढ्यात दार वाजलं. ड्रायव्हर होता, हातात धुतलेली रिकामी बाटली, चेहऱ्यावर तीच आशा जी ह्या घराने कधीकाळी भिंतीला लावली होती.

भावोजी भिंत धरत दारापर्यंत गेले.

"परत," ते म्हणाले.

ड्रायव्हरला काही कळलं नाही. तो बाटली पुढे धरून तसाच उभा राहिला. बाकीचं त्याला मला सांगावं लागलं.